मासिक अहवालातून सुटलेला रुग्ण

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कक्षात एकच धावपळ असते. ग्रामीण रुग्णालयांचे आकडे आले का, अमक्या तालुक्याचं प्रपत्र कुठे अडलं, काही नसेल तर निदान 'निरंक' म्हणून तरी कळवा. संध्याकाळपर्यंत बेरजा जुळतात आणि अहवाल वर जातो. नवीन रुग्ण इतके, जुने इतके, शिबिरं इतकी, समुपदेशन इतक्या जणांचं.

हा लेख तो अहवाल भरणाऱ्यांसाठी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले केस रजिस्ट्री असिस्टंट, परिचारिका, सामाजिक कार्यकर्ते, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि सरकारी अनुदानातून हेच काम करणाऱ्या संस्थांची माणसं, या सगळ्यांसाठी. म्हणणं एवढंच आहे, की आपल्या अहवालातून किती लोक आले ते कळतं, पण उपचारात किती टिकले आणि किती सुटले ते कळत नाही. मानसिक आजारात कार्यक्रमाचं यश ठरतं ते या दुसऱ्या आकड्यावर.

स्किझोफ्रेनियाचा एखादा तरुण घरच्यांबरोबर पहिल्यांदा ओपीडीत येतो. तपासणी होते, महिन्याच्या गोळ्या मिळतात, अहवालात 'नवीन रुग्ण' या रकान्यात एक वाढतो. गोळ्यांनी थोडं बरं वाटतं, पेरणीचे दिवस येतात, पुढची तारीख हुकते. पाच-सहा महिन्यांत आजार पुन्हा उसळतो. या सगळ्या काळात अहवालातला तो 'एक' जिथल्या तिथे असतो. त्याच्या येण्याची नोंद झाली, न येण्याची कुठेच झाली नाही. आणि खरी मदत हवी होती ती त्या न येण्याच्या दिवसांत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला 1982 साली. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने बेल्लारी जिल्ह्यात करून पाहिलेल्या प्रयोगावर जिल्हा कार्यक्रम उभा राहिला आणि 1996 मध्ये चार जिल्ह्यांत त्याची सुरुवात झाली. उपचार मनोरुग्णालयाच्या भिंतीबाहेर, तालुक्याच्या आणि गावाच्या ठिकाणी न्यायचे, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या मनोरुग्णालयांत रुग्ण डोळ्यांसमोर असतो. खाटा मोजल्या की हिशेब होतो. गावातला रुग्ण तसा समोर नसतो. तो आला तरच दिसतो. म्हणूनच जिल्हा कार्यक्रमाची नोंद वेगळ्या रीतीने ठेवावी लागते. ती रीत अजून पुरती रुळलेली नाही, आणि ती रुळवणं वरच्या कार्यालयापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

भेटी नकोत, माणसं मोजा

अहवाल बँकेच्या पासबुकासारखा लिहा: आरंभीची शिल्लक, जमा, नावे, अखेरची शिल्लक. समजा, एका ग्रामीण रुग्णालयात जूनच्या पहिल्या तारखेला तीव्र मानसिक आजाराचे 120 जण उपचाराखाली आहेत. महिन्यात 9 नवीन आले. मध्येच उपचार सोडलेले 4 परत आले. 11 जणांचं येणं थांबलं, 2 दुसऱ्या जिल्ह्यात गेले, एक दगावला. महिनाअखेर उरले 119. नेहमीच्या अहवालात यातलं 'नवीन 9' तेवढं दिसतं आणि काम चांगलं चाललंय असं वाटतं. खात्यात मात्र एक माणूस कमी झालेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या 11 जणांची नावं तुमच्याकडे असतात, आणि नावं असली की पुढचं काम ठरतं.

यासाठी नवं सॉफ्टवेअर लागत नाही. जाड पुठ्ठ्याची एक नोंदवही पुरते. एका माणसाला एक ओळ, डावीकडे कार्यक्रमाचा क्रमांक, गाव, निदान, आणि पुढे बारा महिन्यांचे बारा चौकोन. आला त्या महिन्याच्या चौकोनात तारीख आणि किती दिवसांची औषधं दिली ते लिहायचं. दोन चौकोन सलग रिकामे दिसले की त्या ओळीवर लाल खूण. महिन्याच्या शेवटी लाल खुणा मोजल्या की 'सुटलेले' हा आकडा तयार. संगणकावर एक्सेलमध्ये हेच करता आलं तर उत्तमच. पण वही नसताना थेट संगणकावर गेलेले आकडे कुठून आले हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

'सुटलेला' कुणाला म्हणायचं हे मात्र आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझं मत असं, की तीव्र आजारात ठरलेल्या तारखेनंतर दोन महिने कुणी आलं नाही आणि औषधही नेलं नाही, तर त्याला सुटलेला धरावं. तुमच्या जिल्ह्यात मुदत वेगळी ठरली तरी हरकत नाही. सगळ्या तालुक्यांत ती एकच असली पाहिजे आणि वर्षाच्या मध्येच बदलता कामा नये. रुग्णाऐवजी आईने येऊन गोळ्या नेल्या तर ती 'आला' अशीच नोंद, पण शेजारी छोटं 'ना' लिहा, म्हणजे नातेवाईक आले होते. तीन महिने सलग 'ना' दिसलं तर रुग्णाला स्वतःला पाहायला हवं.

'नवीन' या शब्दाचीही अशीच व्याख्या हवी. एप्रिलमध्ये नव्या आर्थिक वर्षाचे केसपेपर निघतात आणि काही ठिकाणी वर्षानुवर्षं येणारा रुग्णही त्या महिन्यात 'नवीन' होऊन जातो. तोच माणूस ग्रामीण रुग्णालयात, आउटरीच ओपीडीत आणि शिबिरात असा तीनदा नवीन होऊ शकतो. नवीन म्हणजे या जिल्ह्याच्या कार्यक्रमात आयुष्यात पहिल्यांदा आलेला. एका माणसाला एकच क्रमांक, तो त्याच्या केसपेपरवर आणि घरी दिलेल्या कार्डावर. आभा क्रमांक असेल तर तोही लिहा, पण तो ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणाला औषधावाचून परत पाठवू नका.

औषधाच्या खात्याशी ताळा

अहवाल खरा आहे की नाही हे पाहण्याची सगळ्यात सोपी जागा म्हणजे औषध भांडार. एखाद्या रुग्णालयात रिस्पेरिडोनवर 40 जण आहेत असं तुमची वही म्हणते. रोज दोन गोळ्या धरल्या तर महिन्याला 2,400 गोळ्या जायला हव्यात. साठा वहीत 900 गेलेल्या दिसल्या, तर एक तर वहीतले सगळेच येत नाहीत, किंवा आलेल्यांना अपुरी औषधं मिळतात, किंवा साठाच संपलेला होता. तिन्ही गोष्टी कळायला हव्यात. प्रत्येकाचा डोस वेगळा असल्याने हिशेब अगदी तंतोतंत जुळणार नाही. पण निम्म्याहून जास्त फरक असेल तर अहवाल पाठवण्याआधी शोध घ्या.

याच्याच जोडीने प्रत्येक महिन्याला लिहावी अशी एक ओळ आहे: कुठलं औषध किती दिवस उपलब्ध नव्हतं. लिथियम तीन आठवडे नव्हतं, फ्लुफेनाझिनची इंजेक्शनं महिनाभर आली नाहीत, हे प्रपत्रात रकाना नसला तरी शेऱ्यात लिहा. साठ किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसाला एकदा हात हलवत परत जावं लागलं की पुढच्या वेळी तो येईलच याची खात्री नसते. सुटलेल्यांच्या आकड्याशेजारी औषध नसलेल्या दिवसांचा आकडा असला, तर दोष रुग्णाच्या निष्काळजीपणाचा की पुरवठ्याचा, हे वरिष्ठांना एका नजरेत दिसतं. हा आकडा लिहायला पुष्कळांना संकोच वाटतो. आपलीच चूक कबूल केल्यासारखं होईल असं वाटतं. खरं तर पुरवठा मागण्यासाठी याहून चांगला पुरावा तुमच्या हाती दुसरा नाही.

आकड्याला छेद हवा

'या महिन्यात 12 नवीन रुग्ण' हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बारा कितीपैकी?

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता असं आढळलं. तीव्र आजारांचं प्रमाण 0.8 टक्के होतं. सौम्य आणि सर्वसामान्य मानसिक आजार असलेल्या शंभरातल्या सुमारे 85 जणांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. ज्या बारा राज्यांत ते सर्वेक्षण झालं त्यांत महाराष्ट्र नव्हता, तेव्हा हे आकडे आपल्याकडे ढोबळ अंदाजासाठीच वापरायचे. तरी तेवढ्यानेही बरंच कळतं. सपाटीच्या प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण 30,000 लोकसंख्या असते. त्यात प्रौढ 20,000 धरले तर तीव्र आजाराची 160 माणसं त्या हद्दीत असण्याचा अंदाज निघतो. तुमच्या वहीत त्यांतली 35 असतील, तर उरलेली कुठे आहेत? मागच्या खोलीत, देवस्थानी, शहरातल्या फूटपाथवर, की खासगी डॉक्टरांकडे? 160 हा आकडा घाबरवणारा नाही. आशा, गटप्रवर्तक आणि समुदाय आरोग्य अधिकारी मिळून वर्षभरात एवढी घरं नक्की शोधू शकतात. अहवालात '35' ऐवजी '160 पैकी 35' लिहायला लागलात की आढावा बैठकीतलं बोलणं बदलतं.

अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पाने हेच मोठ्या काळजीने करून दाखवलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाशी तरी संपर्क साधलेल्यांचं प्रमाण तिथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. 2017 साली 'द लॅन्सेट सायकिअॅट्री'मध्ये हे निष्कर्ष आले. त्यांनी ओपीडीतली गर्दी मोजली नाही. आधी आणि नंतर गावात जाऊन लोकांना विचारलं. एवढं सर्वेक्षण दरवर्षी प्रत्येक तालुक्याला जमणार नाही, पण त्याची छोटी आवृत्ती आपल्याकडे आधीच आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशा जो सी-बॅक फॉर्म भरते, त्यात नैराश्याचे दोन प्रश्न आहेत. किती जणांना ते विचारले, किती जणांचे गुण जास्त आले, त्यांतले किती डॉक्टरांपर्यंत पोचले, किती जणांचे उपचार सुरू झाले आणि तीन महिन्यांनी किती टिकून आहेत, अशी पाच आकड्यांची साखळी एका केंद्रासाठी तरी लिहून पाहा. कुठली कडी तुटते ते दिसेल. माझा अंदाज, पुष्कळ ठिकाणी दुसऱ्या आणि तिसऱ्या कडीच्या मध्ये. तसं असेल तर जनजागृतीची आणखी फलकबाजी करण्यापेक्षा त्या माणसांना केंद्रापर्यंत सोबत करणं जास्त उपयोगाचं.

बरं वाटतंय का, हे विचारा

उपचारात टिकणं एवढंच पुरेसं नाही. माणूस बरा होतोय का, तेही पाहायला हवं. नैराश्यासाठी पीएचक्यू-9 ही नऊ प्रश्नांची, 0 ते 27 गुणांची प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. पहिल्या भेटीत भरली आणि मग पुन्हा कधीच नाही, असं करू नका. प्रत्येक भेटीत भरा, गुण केसपेपरच्या कोपऱ्यात लिहा. इंग्लंडमध्ये 2008 पासून चालणाऱ्या सरकारी मानसोपचार सेवेत दर भेटीला अशी नोंद घेतात, त्यामुळे मध्येच उपचार सोडणाऱ्याचीही शेवटची स्थिती कळते. फक्त शेवटच्या भेटीत नोंद घेतली तर जे शेवटपर्यंत आले त्यांचीच सुधारणा मोजली जाते, आणि तेच बहुधा जास्त सुधारलेले असतात. अहवालात एकच ओळ पुरे: उपचार सुरू करताना 10 किंवा जास्त गुण असलेल्यांपैकी तीन महिन्यांनी किती जण 10 च्या खाली आले.

यात एक गोष्ट आकड्यांच्या वरची आहे. पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला कुणी 'हो' म्हटलं तर तो कागद अहवालाच्या गठ्ठ्यात जाण्याआधी, त्याच बैठकीत डॉक्टरांनी त्या माणसाशी बोललंच पाहिजे. घरच्यांना टेलिमानसचा 14416 हा क्रमांक लिहून द्या. तो चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

तीव्र आजारात गुणांपेक्षा दैनंदिन आयुष्याचे प्रश्न बरे: कामावर जातो का, घरात जेवायला सगळ्यांबरोबर बसतो का, दिव्यांग प्रमाणपत्र मिळालं का, पात्र असून संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज राहिला का. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे, तरी ही प्रमाणपत्रं किती निघाली याचा आकडा फारच कमी अहवालांत दिसतो.

विषबाधेच्या रजिस्टरमधली माणसं

शेतीच्या जिल्ह्यांत अपघात विभागातल्या रजिस्टरवर 'विषबाधा' अशा नोंदी रोज पडतात. काही खरोखर फवारणीतल्या असतात, पुष्कळ नसतात. पोलिसांच्या भीतीने घरचे 'चुकून प्यायला' सांगतात, रुग्णालय तसंच लिहितं, दोन दिवसांनी माणूस घरी जातो आणि मानसिक आरोग्य कक्षाला त्याचा पत्ताच लागत नाही. पुन्हा प्रयत्न होण्याचा सर्वांत मोठा धोका असलेला माणूस हातातून असा निसटतो.

इथे कायदा आता तुमच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम नाही. रुग्णालयाच्या कायदेशीर नोंदीची पद्धत आपल्या जागी चालू राहील, पण घरच्यांना हे समजावून सांगितलं तर खरं सांगायला ते धजावतात. अहवालात तीन आकडे असावेत: महिन्यात विषबाधेचे किती दाखल झाले, त्यांतल्या किती जणांशी घरी जाण्याआधी मानसिक आरोग्य कक्षातलं कुणी बोललं, आणि महिन्याभरात किती जणांशी पुन्हा संपर्क झाला. या तीन आकड्यांत फरक दिसेल, सुरुवातीला बराच दिसेल. तो लपवू नका.

नाव वर जाता कामा नये

आकडे वर जावेत, माणसं नव्हेत. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. तरीही व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुग्णांच्या नावांच्या याद्या फिरतात, आणि शिबिर झाल्याचा पुरावा म्हणून जिओ-टॅग केलेले फोटो मागितले जातात, ज्यात रांगेत बसलेल्या बायका ओळखू येतात. एका फोटोने एखाद्या मुलीचं लग्न मोडू शकतं. पुरावा हवाच असेल तर फलकाचा, डॉक्टरांच्या टेबलाचा फोटो द्या. गावपातळीवरचे आकडे पाठवतानाही जपून: 'अमुक गाव, स्त्री, वय 34, आत्महत्येचा प्रयत्न, 1' एवढ्यावरून गावात सगळ्यांना कळतं. पाचपेक्षा कमी संख्या असेल तर गावाऐवजी तालुक्याच्या बेरजेत दाखवा. सुटलेल्यांच्या घरी आशाताईंना पाठवाल तेव्हा यादी कागदावर हातोहात द्या, आणि दारात उभं राहून आजाराचं नाव घेऊ नका असं त्यांना आवर्जून सांगा.

आढावा घेणाऱ्यांसाठी

जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि संस्थांचे प्रमुख, तुम्हालाही एक विनंती. बैठकीत ज्या तालुक्याचा आकडा कमी त्याला उभं करून बोललात, तर पुढच्या महिन्यात आकडा वाढतो, रुग्ण नाही. ज्या तालुक्याने 11 सुटलेले दाखवले त्याला कमी लेखू नका. ज्याने शून्य दाखवले त्याची वही मागवा. एवढ्या लांबच्या उपचारात महिनोन्महिने कुणीच सुटत नाही असं होत नाही. उद्दिष्ट द्यायचंच असेल तर नवीन रुग्णांचं देऊ नका, सुटलेल्यांपैकी किती परत आणले याचं द्या. शिबिरांच्या संख्येचं उद्दिष्ट तर पूर्ण काढूनच टाकावं असं माझं ठाम मत आहे. शिबिरात सापडलेला रुग्ण महिन्याभरात जवळच्या ओपीडीत गेला का, एवढं पाहिलं तरी चालेल. आणि केस रजिस्ट्री असिस्टंटचं पद रिकामं असेल तर ते भरण्यासाठी आधी पाठपुरावा करा. ती खुर्ची रिकामी असताना वहीचं हे काम परिचारिकेवर पडतं आणि तिची ओपीडी मागे पडते.

या महिन्याचा अहवाल पाठवण्याआधी सगळं बदलायला जाऊ नका. जुन्या केसपेपरांचा गठ्ठा काढा, तीव्र आजाराच्या रुग्णांपैकी ज्यांची तारीख उलटून दोन महिने झाले त्यांची नावं एका कागदावर लिहा, गावानुसार लावा आणि आशाताईंच्या पुढच्या बैठकीत त्यांच्या हाती द्या. मग प्रपत्राच्या शेऱ्याच्या रकान्यात तो आकडा, जसा आहे तसा, लिहा.